दातांसाठी आईचे दूध बदलू नका

तुम्ही लिहिले आहे की तुमची मुलगी नऊ महिन्यांची आहे, पहिले सहा महिने ती केवळ अंगावरच्या दुधावर वाढली, आता तिचे वजन 7.6 किलो आहे आणि तिला एकही दात आलेला नाही. जाऊबाईंच्या मुलाला मात्र डब्याच्या दुधावर सहाव्या महिन्यातच दोन दात आले आणि याच वयात त्याचे वजन किलोभर अधिक होते, म्हणून घरचे तुम्हाला डब्याचे दूध सुरू करायला सांगत आहेत. ताई, दातांसाठी दूध बदलू नका.

मी सोलापूरच्या पूर्व भागात अनेक वर्षे अंगणवाडी सेविका होते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आणि यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या मातांची बाळे मी झोळीच्या काट्यावर तोलली आहेत, आणि हाच प्रश्न मला मराठीत, तेलुगूत आणि कानडीतही विचारला गेला आहे.

दुधाच्या दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात आणि चौथ्या महिन्याच्या आसपास त्यांत क्षार साचू लागतात, म्हणजे बाळ पहिला घोट घेते तेव्हा हिरडीखाली दातांची घडण कितीतरी पुढे गेलेली असते. तो दात बाहेर कधी येणार हे मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या वारशावर ठरते. चौथ्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत केव्हाही पहिला दात आला तरी ते स्वाभाविकच आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत.

वजनाची तुलनाही मुळातच चुकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जे वाढीचे तक्ते आणले, ते भारतासह सहा देशांतील आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत. त्यांत नऊ महिन्यांच्या मुलीचे मध्यम वजन 8.2 किलो आणि मुलाचे 8.9 किलो धरले आहे, आणि मुलीचे वजन 6.5 किलोच्या खाली गेले तरच ते कमी म्हणतात. म्हणजे तुमच्या घरातील किलोभराच्या फरकापैकी बराचसा मुलगा आणि मुलगी यांच्यातला आहे. शिवाय डब्याच्या दुधावरील बाळे साधारण तिसऱ्या महिन्यानंतर अधिक वेगाने वजन घेतात, तर अंगावर पिणारी किंचित सडपातळ राहतात. ती सडपातळ अंगलट म्हणजे उपासमार नव्हे. तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर मागील सर्व वजनांचे ठिपके जोडून पाहा. रेघ चढती असेल, तर दूध पुरते आहे.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘दात आले की भाकरी देऊ’ असे म्हणून बाळाला महिनोन्महिने वरणाच्या पाण्यावर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्या बाळांची रेघ सातव्या महिन्यानंतर आडवी होताना माझ्याच हाताने काढली आहे. सहा महिन्यांनंतर पोटात असताना साठवलेले लोह संपत येते, आईच्या दुधात ते थोडेच असते, आणि भूकही वाढलेली असते. बाळ हिरड्यांनी उत्तम चावते. नवव्या महिन्यात स्तनपानाच्या जोडीला दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर अन्न हवे: वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, तूप घातलेली मऊ खिचडी, पूर्ण उकडलेले अंडे, हिरवी भाजी, किंवा शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट खिचडीत मिसळून. अख्खे दाणे मात्र अजिबात देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. दात सुलभ यावेत म्हणून हिरड्यांना मध चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहे, परंतु एक वर्षाच्या आत मध देणे धोक्याचे असते.

दूध पाजण्याच्या पद्धतीचा दातांशी संबंध येतो, पण तो दात आल्यानंतर. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर दूध रात्रभर साचते आणि ते लवकर किडतात. पहिला दात दिसताच रोज मऊ ब्रशने तो पुसायला सुरुवात करा.

व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण मुडदूस झाला तर दातही लांबतात. तेरावा महिना संपूनही दात दिसला नाही, किंवा त्याआधीच वजनाची रेघ खाली वळली, बाळ सुस्त वाटले, बसणे-रांगणे मागे पडले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी थायरॉइडचीही तपासणी करतात.