इंग्रजी आणि परदेशी मीडियामुळे खान्देशातली पोरं अहिराणी विसरताहेत का?

तुम्ही लिहिलंय की भाचा जळगावात दहावीला आहे, कोरियन गाणी तोंडपाठ, मित्रांशी हिंदी-इंग्रजीची मिसळ, आणि घरात कुणी अहिराणीत बोललं की गप्प बसतो. दोष इंग्रजीचा की मोबाइलचा, असा तुमचा प्रश्न. इंग्रजीचा थोडाफार असेल. मोबाइलचा मला तरी वाटत नाही.

आधी आकडे बघा. 2001 च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच मोजतात) ही मातृभाषा सांगणारे साधारण 20 लाख 75 हजार होते, 2011 ला ते 18 लाख 60 हजारांवर आले. जिओ आलं सप्टेंबर 2016 मध्ये. म्हणजे गावोगाव स्वस्त नेट पोचायच्या आधीच दोन लाखांवर माणसं कमी झाली, आणि या दहा वर्षांत खान्देशची लोकसंख्या काही घटली नव्हती. सगळ्यांनी बोलणं सोडलं असं नाही, बऱ्याच जणांनी मातृभाषा विचारल्यावर 'मराठी' सांगितलं असणार. तसं का सांगावंसं वाटलं, खरी गोम तिथे आहे.

आमच्या शाळेत तोंडातून अहिराणी निसटली की वर्ग हसायचा, वर मास्तरही हसायचे. पुण्याला शिकायला गेलेली पोरं गावाकडून फोन आला की हॉस्टेलच्या जिन्यात जाऊन बोलायची. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, पाठोपाठ सेमी आणि इंग्लिश मीडियमचं पेव फुटलं. प्रमाण मराठीपुढे लाजायला शिकलेले आईबाप इंग्रजीपुढे आणखी सहज लाजले.

मी धुळ्यात लग्नांचं फोटो-शूटिंग करतो, त्यामुळे हे रोज समोर दिसतं. प्री-वेडिंगला जोडपं लळिंगच्या किल्ल्यावर येतं ते कोरियन सिरीयलमधली पोझ मोबाइलवर दाखवत: पारदर्शक छत्री पाहिजे, लांब कोट पाहिजे. एप्रिलात, धुळ्याच्या उन्हात! (कोट मी भाड्याने देतो, तक्रार नाही.) त्याच जोडप्याच्या हळदीला डीजेवर मात्र अहिराणीच वाजते. 'हाई झुमकावाली पोर' यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितलं गेलंय, आणि त्यावर रील करणाऱ्या कितीतरी जणांना खान्देश नकाशात दाखवता येणार नाही. ज्या परदेशी ॲपना आपण शिव्या घालतो, त्यांनीच अहिराणी गाणाऱ्यांना पोटापाण्याचं साधन दिलं. आकाशवाणीच्या काळात एवढा पसारा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

आता त्याच हळदीतला एक प्रसंग. पुण्याहून आलेला पाच-सहा वर्षांचा पोरगा मंडपात या गाण्यावर बेभान नाचत होता. गाणं संपल्यावर आजीने त्याला जवळ घेतलं, "काय रे भो, जेवना का?" तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, त्याच्याशी नीट बोला ना, शाळेत तसंच बोलेल." आजी ओशाळली आणि अडखळत "बाळा, जेवलास का" म्हणाली. तिथे ना नेटफ्लिक्स होतं, ना इंग्रजी.

आणखी एक. लहान पोरांपर्यंत परदेशी मीडिया इंग्रजीतून कमी आणि हिंदीतूनच जास्त पोचतो. डोरेमॉन, शिनचॅन जपानी, पण आमच्याकडे ते हिंदी बोलतात. म्हणून गल्लीतली पोरं खेळतानाही हिंदीत भांडतात. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, सगळं इंग्रजीच्याच नावावर खपतं.

आणि अभिमान म्हणाल तर आम्हाला भरपूर आहे. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, तेव्हा सगळे खूश. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने लेवा बोलीत (तीही खान्देशातलीच) रचलेल्या ओव्या आम्ही भाषणात म्हणतो. तीच बोली मुलाखतीला आलेल्या पोराच्या तोंडून आली तर 'गावंढळ' ठरते.

तेव्हा भाच्याची कोरियन गाणी बंद करू नका, त्याने अहिराणी येणार नाही. अखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी नेत असाल तर आधी घरच्या मोठ्यांना बजावून ठेवा: पोरगा चुकला तर हसायचं नाही, आणि त्याला कळलं नाही म्हणून लगेच मराठीवर यायचं नाही. सुरुवातीला चिडेल, मोबाइल घेऊन ओट्यावर जाऊन बसेल. बसू द्या.