पोशाखाची शिवण दिसते, म्हणून काय झालं?

"रबरी पोशाखातला माणूस सरळ ओळखू येतो, भीती तर वाटतच नाही. मग या जुन्या मॉन्स्टरपटांत तुम्हा लोकांना एवढं काय सापडतं?" असं तुम्ही विचारलंय. भीती मलाही वाटत नाही हो. पण मी मुळी घाबरायला बसतच नाही, त्या राक्षसात माणसाचा हात कुठे दिसतो ते शोधत बसतो.

१९३३चा 'किंग काँग' लावा आणि फक्त त्या महाकाय वानराच्या केसांकडे बघा. तो नुसता उभा असला तरी अंगावरची लव सारखी वळवळते. खरं तर तो जेमतेम दीड फुटाचा बाहुला, आत धातूचा सांगाडा, वर सशाची कातडी. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी २४ वेळा किंचित हलवायचा आणि दर वेळी एक चौकट टिपायची. हलवताना बोटं केसांना लागायची, तेच आपल्याला दिसतं. कारागिरीच्या हिशोबात ही चूक. मला मात्र काँग त्या चुकीमुळेच जिवंत वाटतो.

'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये (१९३१) रंगभूषाकार जॅक पियर्सने राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफच्या पापण्यांवर मेण चढवलं, म्हणून ती नजर अशी अर्धवट झोपेतली. तळ्याकाठी एक चिमुरडी त्याला फुलं देते. ती पाण्यावर तरंगताना बघून हा हरखतो, आणि फुलं संपल्यावर तिलाच उचलून पाण्यात टाकतो. तीही तरंगेल असं वाटतं बिचाऱ्याला! सेन्सॉरने नेमकं टाकणंच कापलं. मग कित्येक वर्षं प्रेक्षकांना दिसले ते फक्त मुलीकडे सरकणारे हात, आणि मनात भलतंच काहीतरी आलं. कात्रीने निरागस राक्षसाला नराधम करून टाकलं.

कात्रीचा कॉमिक्समधला किस्सा उलटा आहे. १९५४मध्ये अमेरिकेत 'कॉमिक्स कोड' आला, म्हणजे कॉमिक्समध्ये काय दाखवायचं नाही याची नियमावली. रक्तपिपासू, माणसाचे होणारे लांडगे, चालती प्रेतं, सगळ्यांवर बंदी. मग उरलं काय? परग्रहावरची आणि पाताळातली अवाढव्य धुडं! चित्रकार जॅक कर्बीने अशा राक्षसांची रांगच लावली. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'मुळे आज सगळ्यांना ठाऊक असलेला झाडासारखा ग्रूट १९६०मध्ये माणसांना प्रयोगासाठी पकडून न्यायला आलेला खलनायक होता. गोष्टी त्याच त्या असतात, हे कबूल. पण कर्बीचा राक्षस चौकटीत मावत नाही, कडेला डोकं आपटेल असा वाटतो. ही जुनी पानं चकचकीत पुनर्मुद्रणात बघण्यापेक्षा मूळ खरखरीत छपाईच्या स्कॅनमध्ये बघा. रंगांचे ठिपके दिसायलाच पाहिजेत.

'गॉडझिला' १९५४चा मूळ जपानीच बघा. १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत मध्येच एक पत्रकार घुसवलाय, तो टाळलेला बरा. हारुओ नाकाजिमा गॉडझिलाच्या त्या प्रचंड जड पोशाखात शिरून चालायचा. ती संथ, थकलेली चाल अभिनयाइतकीच त्या वजनाचीही आहे.

पण सुरुवात कराल तर 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'पासून (१९५४) करा. नायिका वर पोहतेय आणि तो जलराक्षस खाली तिच्याच लयीत, तिला न कळता. पाण्याखाली राक्षस झालेल्या रिकू ब्राउनिंगच्या पोशाखात हवेची नळकांडी नव्हती, तो श्वास रोखून पोहायचा. मीही दर वेळी त्याच्याबरोबर श्वास रोखून बघतो. अजून एकदाही जिंकलेलो नाही.