मरून साडीचा तांबडा आणि घरात ठरलेली पीएच.डी.

(विदर्भातील एका तालुक्याच्या गावी साड्यांचे दुकान असलेल्या वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात असून आतापर्यंत तिला ७१ टक्के आहेत. ‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मीळ मृदा धातूंविषयीच्या बातम्या आणि नात्यातील एका प्राध्यापकांचा सल्ला यांवरून, तिने पांढऱ्या एलईडीसाठी लागणाऱ्या नायट्राइड फॉस्फर या नायट्रोजनयुक्त, प्रकाश देणाऱ्या पुडीवर पीएच.डी. करावी, असे घरात ठरले आहे. ती मात्र दुकानातील दिवे बदलत राहते, एकच मरून साडी एलईडी ट्यूबखाली आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली धरून रंगातील फरक वहीत लिहिते. परीक्षा होईपर्यंत ती वही वडिलांनी कपाटात बंद केली आहे. ‘तिला वळणावर कसे आणावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.)

स. न. वि. वि.

आपल्या मुलीच्या ७१ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी ते पुरेसे आहेत आणि प्रवेशपरीक्षा चांगली गेली, तर पुढे त्यांची फारशी चौकशीही होणार नाही. मला अस्वस्थ केले ते वही कपाटात बंद केल्याच्या वाक्याने. दीड पानाच्या पत्रात ‘आम्ही ठरवले’, ‘आमची इच्छा आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. मुलीला काय वाटते याविषयी मात्र एकही वाक्य नाही, आणि तिची जी एकच गोष्ट आपण तपशिलाने लिहिली आहे, ती तक्रार म्हणून लिहिली आहे. कुणी न सांगता तिला एक प्रश्न पडला, त्याच्या उत्तरासाठी तिने दिवे बदलून पाहिले, जे दिसले ते लिहून ठेवले, आणि घरातील मोठ्यांनी ती वही काढून घेतली, असा या घटनेचा सरळ अर्थ होतो. आपला हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. तरीही ही चूक आहे, आणि ती परीक्षेची वाट न पाहता आजच दुरुस्त करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती काय पाहत होती, हे आपल्याला कळावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पांढऱ्या एलईडीतील चिप मुळात निळा प्रकाश देते, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. जपानमधील निचिया कंपनीने १९९६ साली बाजारात आणलेल्या रचनेत या चिपवर सेरियम मिसळलेल्या यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटची पिवळी पूड असते. ती काही निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकते, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा भासतो. परंतु या मिश्रणात गडद तांबडा फारच थोडा असतो. दिव्यातच जो तांबडा नाही, तो साडीवरून परत येणार कुठून? म्हणून मरून रंग तपकिरीकडे झुकतो, डाळिंबी मलूल दिसतो आणि गिऱ्हाईक पदर धरून दाराबाहेरच्या उजेडात जाते. जुन्या तारेच्या बल्बमध्ये तांबडा भरपूर असल्यामुळे तीच साडी त्याच्याखाली भरदार दिसते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, खोक्यावर छापलेला रंगदर्शनाचा (सीआरआय) ८० हा आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो. गडद तांबड्याचा नमुना, ज्याला ‘आर ९’ म्हणतात, त्या आठांत धरलेलाच नसतो, त्यामुळे ८० आकड्याच्या दिव्याचा ‘आर ९’ शून्याच्या आसपासही असू शकतो. आपल्या मुलीने हे कापडावर पाहून ओळखले.

आणि हा उणा तांबडा भरून काढण्याचे मुख्य काम नायट्राइड फॉस्फर करतात. म्हणजे ज्या विषयाकडे आपण तिला ढकलत आहात, त्याच्या दारात ती आपल्या पायांनी येऊन उभी होती. २००० साली जर्मनीत बेरियम-सिलिकॉन नायट्राइडमध्ये युरोपियम हा रेअर अर्थ धातू मिसळून तांबडा प्रकाश मिळवल्याचे प्रसिद्ध झाले. २००६ साली जपानी संशोधकांनी कॅल्शियम-ॲल्युमिनियम-सिलिकॉन नायट्राइड पुढे आणले, जे निळा प्रकाश शोषून ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा देते आणि दिवा तापल्यावरही बऱ्यापैकी टिकते. (फॉस्फर म्हणजे प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देणारा पदार्थ. या नायट्राइडांत फॉस्फरस नसते, त्यामुळे त्या विषाची जी भीती आपण व्यक्त केली आहे, ती मनातून काढून टाकावी.)

आता पत्रातील सर्वांत मोठ्या गैरसमजाविषयी. रेअर अर्थची टंचाई आहे, म्हणून रेअर अर्थ फॉस्फर शिकणाऱ्याला नोकरी हमखास, असे आपण धरून चालला आहात. २०२५ साली चीनच्या निर्यातबंधनांमुळे जी ओरड झाली, ती प्रामुख्याने मोटारींना लागणाऱ्या चुंबकांविषयी होती. दिव्यांची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये युरोपियम व टर्बियम बरेच लागत असे. एलईडीला त्याच्या तुलनेत फारच थोडे लागते, त्यामुळे एलईडी पसरले तशी प्रकाशयोजनेतील युरोपियमची मागणी घटली. नायट्राइड फॉस्फरमध्ये युरोपियमचे प्रमाण एखाद्या टक्क्याच्या घरात असते, आणि खरे कौशल्य त्या एका टक्क्यात नसून उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांत असते. तेच दोन इलेक्ट्रॉन गमावलेले युरोपियम बेरियम-मॅग्नेशियमच्या ॲल्युमिनेटमध्ये बसवले तर निळा प्रकाश देते, आणि कॅल्शियमच्या नायट्राइडमध्ये बसवले तर तांबडा. नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा इलेक्ट्रॉनांची अधिक वाटणी करून बंध जोडतो, त्यामुळे युरोपियमची बाहेरची ऊर्जापातळी खाली येते आणि प्रकाश तांबड्याकडे सरकतो. हा विषय मूलतः घन पदार्थांच्या रचनेचा आणि भट्टीचा आहे. खाणीच्या बातम्यांवरून त्याचे भवितव्य ठरवू नये.

भट्टीचा उल्लेख मुद्दाम केला. ही पूड बहुधा १६०० ते १८०० अंश सेल्सिअसला, दाबाखालील नायट्रोजनमध्ये तयार करतात, आणि कॅल्शियम नायट्राइडसारखा कच्चा माल हवेतील दमटपणानेच बिघडत असल्यामुळे तो बंद पेटीत, हातमोजे घालून हाताळावा लागतो. अशी सोय असलेल्या प्रयोगशाळा थोड्या आहेत. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फरवर अनेक दशके काम झाले आहे, ही विदर्भासाठी मोठी जमेची बाजू आहे. परंतु ज्वलन पद्धतीने ऑक्साइड किंवा फॉस्फेट बनवणे आणि दाबाच्या भट्टीत नायट्राइड बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मार्गदर्शक निवडण्यापूर्वी समजून घ्यावे. भारतात एलईडीची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते, पण चिप आणि फॉस्फर बहुतांशी बाहेरून येतात, त्यामुळे केवळ फॉस्फर बनवता येणाऱ्यासाठी येथे जागा मोजक्याच आहेत. पाच-सहा वर्षे भट्टीपाशी बसण्याची ओढ स्वतःला असेल तरच माणूस ते काम तडीस नेतो. वडिलांच्या ओढीवर ते निभत नाही.

म्हणून पीएच.डी.चा निर्णय आज घेऊच नये, असे मी सुचवतो. तिने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करावे; त्यासाठी ‘जॅम’ किंवा विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा आहेत आणि पुढे संशोधन करायचे ठरलेच तर ‘नेट’ व ‘गेट’ आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे तिचा कल पूड बनवण्यापेक्षा प्रकाश मोजण्याकडे आणि रंग पारखण्याकडे अधिक दिसतो. प्रकाशमापनाच्या चाचणी प्रयोगशाळा, दिवे बनवणाऱ्या कंपन्यांचे गुणवत्ता विभाग, प्रकाशयोजना ही सारी त्याच वाटेवरची कामे आहेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात तर प्रदीपनाच्या विषयात पदव्युत्तर शिक्षणाची स्वतंत्र सोय आहे. या क्षेत्रातही प्रश्न संपलेले नाहीत. ६५० नॅनोमीटरला डोळ्याची संवेदनशीलता हिरव्याच्या तुलनेत साधारण दहाव्या हिश्शावर येते, त्यामुळे तांबडा वाढवला की रंग सुधारतात, पण त्याच विजेत मिळणारा उजेड घटतो. म्हणून डोळ्याला कमी दिसणाऱ्या तरंगलांबींकडे न पसरणारा, अरुंद पट्ट्याचा तांबडा शोधला जातो, आणि २०१४ साली म्युनिकच्या संशोधकांनी जाहीर केलेले स्ट्रॉन्शियम-लिथियम-ॲल्युमिनियम नायट्राइड त्याच शोधातून आले. हे वाचून तिला भट्टीकडे जावेसे वाटले तर जरूर जावे, पण ते तिने ठरवावे. माझा कयास चुकलेला असू शकतो, कारण तिच्याशी माझे बोलणे झालेले नाही.

तोपर्यंत दोन गोष्टी करता येतील. तिच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर्णपटमापी असेलच. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन तिने दुकानातील ट्यूब आणि जुना बल्ब त्यातून पाहावेत, म्हणजे निळा उंचवटा, त्यानंतरची फिकट जागा, पिवळ्याचा रुंद पट्टा आणि तांबड्याकडे आटत जाणारा प्रकाश तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. दुसरे म्हणजे, ‘आर ९’चा आकडा लिहिलेला एखादा चांगला दिवा आणून तो साड्यांच्या मांडणीवर तिच्याच हातून लावून घ्यावा.

वही तिला परत दिल्यावर, तिची हरकत नसेल तर मरून साडीच्या नोंदींची पाने मला पाठवावीत. कोणत्या दिव्याखाली तिला काय दिसले, हे मला वाचायचे आहे.