पाणी बंद होताच भिंतीत ‘धाड’! टाइल्स फोडू की नको?

प्रश्न : आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. वॉशिंग मशीनने पाणी घ्यायचं थांबवलं की बाथरूमच्या भिंतीत ‘धाड’ असा आवाज येतो. दुपारी सासूबाई दचकून उठतात. प्लंबर म्हणतो, पाइपात हवा धरते, टाइल्स फोडून सगळी लाइन बदलावी लागेल. खरंच गरज आहे का? बाकी पाण्याला आता फोर्स छान आहे, दिवाळीत सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवला.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई, टाइल्सना अजिबात हात लावू देऊ नका. पंपाचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

हवेचा प्रकार वेगळा. पाइपात हवा असली तर नळ उघडताना कळतं. फसफस होते, पाणी थुंकल्यासारखं तुटक येतं. सकाळी महापालिकेचं पाणी सुटताना खालच्या टाकीच्या नळाला होतं, तसं. तुमचा आवाज पाणी बंद होताना येतो आणि एकदाच, ठोका पडल्यासारखा. हा वॉटर हॅमर. नाशिकरोडला मालगाडी थांबताना पाहिली असेल. इंजिन थांबतं, पण मागचे डबे एकामागून एक पुढच्यावर आदळत जातात. पाइपातल्या पाण्याचं हेच होतं. पुढचं पाणी अडलं, मागचं येऊन धडकलं, आणि दाबाची ती लाट पाइपात मागे-पुढे धावते.

याचं गणित निकोलाय झुकॉव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर १८९७-९८ मध्ये प्रयोग करून मांडलं. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम थांबवलं, तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपात दाब साधारण १३ बारने उसळतो. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप थोडा लवचिक, त्यात ४-५ बारने. १ बार म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा दाब, यावरून अंदाज करा. वेग दुप्पट झाला की धक्काही दुप्पट.

आता तुमच्या घरचा हिशेब. पंप नव्हता तेव्हा गच्चीच्या टाकीतून तिसऱ्या मजल्यावर जेमतेम अर्धा-पाऊण बार दाब मिळत असणार. घरगुती प्रेशर पंप सहज २-३ बार देतो. दाब चौपट झाला की पाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात मशीनचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद होतो. हाताने फिरवायच्या नळाला तेवढी घाई नसते, म्हणून तिथे आवाज येत नाही.

खात्री करून घ्या. मशीनच्या पाठीमागचा नळ अर्धा बंद ठेवून कपडे लावा. मशीन भरायला जरा जास्त वेळ लागेल, पण ठोका मंदावला तर निदान पक्कं. मग सेक्रेटरींना सांगून एक दिवस पंप बंद ठेवा आणि पाणी बायपासने, म्हणजे पंप टाळून थेट टाकीतून येऊ द्या. आवाज पूर्ण गेला, तर प्लंबरला पुढचं काही विचारायची गरज नाही.

दुरुस्ती पंपापासून सुरू करा, कारण आज आवाज तुमच्याकडे आहे, पण उसळणारा दाब सगळ्यांच्याच लाइनीत आहे. नळाला प्रेशर गेज लावून दाब मोजा. २ बारच्या वर असेल तर पंपाची सेटिंग कमी करा; ती होत नसेल तर लाइनीवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. पंपाला छोटी प्रेशर टाकी असेल तर तिच्यातली हवाही तपासा. पंप बंद करून लाइनीतलं पाणी काढून टाका, मगच सायकलच्या पंपाने हवा भरा. पंप ज्या दाबाला सुरू होतो, त्याच्या थोडी खाली हवा हवी. टाकीत हवा उरली नाही की पंप सारखा चालू-बंद होतो, आणि प्रत्येक वेळी लाइनीला धक्का बसतो.

मग डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उभा पाइप हाताने हलवून पाहा. डुलत असेल तर ‘धाड’चा अर्धा भाग म्हणजे पाइप भिंतीवर आपटणं. अर्धा इंची सीपीव्हीसीला साधारण तीन-तीन फुटांवर क्लॅम्प हवा, आत रबर असलेला. मात्र आवळून टाकू नका. गरम पाण्याने हा पाइप लांबतो, त्याला सरकायला जागा लागते.

एवढ्यावरही ठोका राहिला तर मशीनच्या नळाला पिस्टनचा वॉटर हॅमर अरेस्टर, म्हणजे धक्का शोषून घेणारा छोटा जोड लावा. नळ आणि होज (मशीनची नळी) यांच्या मधेच. दूर गच्चीत लावून उपयोग नाही, कारण लाट जिथे जन्मते तिथेच तिला गादी मिळायला हवी. पूर्वी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वर फूट-दीड फुटाचा बंद पाइप ठेवायचे. चालतं, पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि आवाज परत येतो.

हे टाळू नका, ताई. मला आवाजापेक्षा त्या होजची आणि पितळी चुडी (आटे) बसवलेल्या एल्बोची, म्हणजे वळणाच्या जोडाची काळजी वाटते. रोजच्या धक्क्यांनी त्यातलं काहीतरी एक दिवस तडकतं, आणि तुम्ही बाहेर असाल तर पाणी खालच्यांच्या छतातून टपकतं. तोवर मशीनचा नळ अर्धाच उघडा ठेवा.

प्रश्न : गंगापूर रोडला बंगला आहे. खालच्या टाकीचा पंप बंद केला की जिन्यातल्या पाइपात जोरात दणका बसतो. पंप खराब झाला का?

उत्तर : पंप बहुधा ठीक आहे. वर चढलेलं पाणी मागे फिरतं आणि एनआरव्हीचा, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा उशिरा, आपटून मिटतो. पडद्याच्या एनआरव्हीऐवजी स्प्रिंगचा बसवा, पंपाच्या जवळच. तो पाणी उलटं फिरण्याआधी मिटतो. नवीन बसवताना त्याच्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.