वाचकांचे प्रश्न : नवा फिफ्थ-व्हील ट्रेलर घेताना

या महिन्यात अमेरिकेतील वाचकांकडून आलेले पाच प्रश्न एकाच विषयावरचे असल्याने ते एकत्र घेतले आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ज्या राहण्याच्या ट्रेलरचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो आणि ज्याची किंगपिन, म्हणजे खाली आलेला पोलादी खुंटा, हौद्यात बसवलेल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीच्या यंत्रणेत, अडकते, तो फिफ्थ-व्हील. हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवे बसवलेले चक्र हे चार चाकांखेरीजचे पाचवे चाक मानले जाई.

प्रश्न : आमच्याकडे हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपांतल्या सर्वांत हलक्या वर्गाचा, पिकअप असून जाहिरातीत त्याची ओढण्याची क्षमता 11,000 पौंड दिली आहे. आम्हांला आवडलेल्या फिफ्थ-व्हीलचे रिकामे वजन 8,100 पौंड, भरलेले कमाल वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर 10,200 पौंड आणि पिन वेट, म्हणजे किंगपिनवर येणारा भार, 1,480 पौंड आहे. विक्रेता म्हणतो की हा ट्रेलर हाफ-टन ट्रकसाठीच बनवलेला आहे. आम्ही दोघे आणि दोन मोठी मुले असे चौघे प्रवास करणार आहोत. घ्यावा का? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : या ट्रकवर घेऊ नये. विक्रेता आपल्याला ओढण्याची क्षमता सांगतो आहे आणि ती खरीही असेल, परंतु फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत ट्रक आधी हरतो तो ओढण्यात नव्हे, तर पाठीवर ओझे घेण्यात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा किंगपिनवाटे थेट ट्रकच्या हौद्यात उतरतो आणि ट्रकच्या दृष्टीने तो सामानासारखाच भार असतो.

आपल्या ट्रकचा चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेला टायरविषयीचा फलक वाचा. त्यावर माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक वजन कधीही असू नये असे एक वाक्य असते. जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रचनेचा असतो, तर हा आकडा आपण ज्या ट्रकसमोर उभे आहात त्याचा, म्हणजे त्याचे छप्पर, चामडी आसने आणि जाड चाके जमेस धरून उरलेला. आपण पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात तो 1,640 पौंड दिसतो.

आता हिशेब मांडू. माहितीपत्रकातले 1,480 पौंडांचे पिन वेट रिकाम्या ट्रेलरचे आहे. सामान भरल्यावर ट्रेलर 9,800 पौंडांचा झाला असे धरले, तर किमान 20 टक्क्यांनी पिनवर 1,960 पौंड येतात. हिचचे स्वतःचे 150, चौघांचे मिळून 560 आणि हौद्यातल्या अवजारांचे व शीतपेटीचे 100 पौंड धरले की बेरीज 2,770 होते. ट्रकची परवानगी 1,640 ची आहे. शिवाय बहुतेक फिफ्थ-व्हीलमध्ये सामानाचा मोठा कप्पा चाकांच्या पुढे असल्याने त्यात टाकलेल्या प्रत्येक वस्तूचा बराच भार पिनवरच येतो, हे ध्यानात घेतले तर 20 टक्के हा अंदाजही उदारच म्हणावा लागेल.

पाऊण टनी, म्हणजे थ्री-क्वार्टर-टन डिझेल ट्रक घेतला की प्रश्न सुटला, असा समज फार रूढ आहे, पण त्यातही मेख आहे. डिझेल इंजिन जड असते आणि अशा कित्येक ट्रकांचे कमाल वजन नोंदणीच्या सोयीसाठी 10,000 पौंडांवर रोखलेले असते. परिणामी ताकद भरपूर असूनही पाठीवर घेण्याची मुभा कधीकधी 2,000 पौंडांच्या आसपासच उरते. कुटुंबासह मध्यम आकाराचा फिफ्थ-व्हील न्यायचा असेल तर वन-टन ट्रकपासूनच पाहणी सुरू करावी, आणि टॉय-हॉलर, म्हणजे मागे मोटारसायकलींसारखी वाहने ठेवायची जागा असलेला ट्रेलर, किंवा 40 फुटी ट्रेलर मनात असेल तर मागे दुहेरी चाकांचा ट्रक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या ट्रकांचे कमाल वजन 10,000 पौंडांहून जास्त असते त्यांच्यावर तो फलक असेलच असे नाही. अशा वेळी टाकी भरून, कुटुंबाला बसवून ट्रक ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर न्यावा, काट्यावर आलेले वजन ट्रकच्या जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करावे, उरेल तेवढाच भार पिन आणि हिचसाठी धरावा आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही ताडून पाहावी.

ट्रेलरच्या दाराजवळही असाच एक फलक असतो आणि त्यावर सामानासाठी उरलेली क्षमता दिलेली असते. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातले किती पौंड खर्ची पडतील, हेही तिथेच छापलेले असते. एक गॅलन पाणी सुमारे 8.3 पौंडांचे असल्याने 60 गॅलनची टाकी भरताच आपल्या 2,100 पौंडांतले जवळजवळ 500 निघून जातात. उरलेल्या 1,600 मध्ये भांडी, कपडे, अन्न, खुर्च्या आणि जादा बॅटऱ्या बसवायच्या असतात.

आणखी एक गोष्ट मोजून पाहावी. हौदा आठ फुटांऐवजी साडेसहा किंवा साडेपाच फुटांचा असेल, तर तीव्र वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसू शकतो. त्यासाठी मागे सरकणारी हिच मिळते, परंतु ती अधिक जड असते आणि ते वजनही वरच्याच हिशेबात धरावे लागते. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा पोटाचा भाग यांत सहा इंचांच्या आसपास मोकळी जागा हवी, अन्यथा खड्ड्यात एक बाजू दबली की पत्र्यावर पत्रा आदळतो. सौदा पक्का करण्यापूर्वी स्वतःचा ट्रक विक्रेत्याच्या आवारात नेऊन हे अंतर टेप लावून पाहावे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त झालो असून वर्षातले आठ-नऊ महिने राष्ट्रीय उद्यानांतून हिंडण्याचा विचार आहे. प्रदर्शनात 42 फुटी ट्रेलर पाहिला. त्यात बेटासारखा ओटा, शेकोटी, दोन सोफे, सारे काही होते. एवढा मोठा घ्यावा का? — एक वाचक, ओहायो

उत्तर : ज्यांना एका जागी महिनोन्‌महिने थांबायचे आहे त्यांच्यासाठी 42 फूट उत्तम आहेत, आपल्यासाठी नाहीत. राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाचे अनेक तळ जुने आहेत, त्यांतल्या जागा लहान ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत आणि झाडेही तेव्हापासून वाढलेली आहेत. मी 30 ते 34 फुटांच्या पलीकडे जाणार नाही, आणि तेवढ्यातही काही तळ हातचे जातील हे गृहीत धरीन.

ट्रेलर तळावर सोडून ट्रकने फिरू, असे आपण म्हणाल, तर एक उदाहरण देतो. मोंटानातील ग्लेशियर उद्यानाच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर अ‍ॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांहून लांब किंवा आरशांसह 8 फुटांहून रुंद वाहनांना मनाई आहे. चार दरवाजांचा, आठ फुटी हौद्याचा वन-टन ट्रक एकटाच 22 फुटांपर्यंत जातो. म्हणजे जड ट्रेलरसाठी घेतलेला ट्रक त्या घाटात जाऊच शकत नाही आणि मग बसचे तिकीट काढावे लागते. यूटातील झायन उद्यानाच्या जुन्या बोगद्यात 11 फूट 4 इंच किंवा त्याहून उंच वाहन दुहेरी वाहतुकीत जाऊ शकत नाही, आणि फिफ्थ-व्हील तर बहुधा 12 ते साडेतेरा फूट उंच असतो. छपरावरील एअर कंडिशनरसह नेमकी उंची स्वतः मोजून ती ट्रकच्या काचेजवळ लिहून ठेवावी. न्यू यॉर्कभोवतीच्या पार्कवे नावाच्या रस्त्यांवरील ठेंगण्या पुलांखालून हा ट्रेलर जात नाही आणि बाल्टिमोरच्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांत त्याच्या गॅसच्या टाक्यांना मज्जाव आहे.

आता आतील मांडणीविषयी. प्रदर्शनात सगळ्या सरकत्या खोल्या, म्हणजे स्लाइड, बाहेर काढलेल्या असतात आणि म्हणूनच ट्रेलर दिवाणखान्यासारखा वाटतो. विक्रेत्याला त्या बंद करायला सांगाव्या आणि मग आत शिरावे. शौचालयापर्यंत जाता येते का? फ्रिजचे दार उघडते का? पलंगावर आडवे होता येते का? महामार्गावरच्या थांब्यावर पावसात उभे असताना दहा मिनिटांसाठी स्लाइड उघडण्याची सोय नसते, आणि जेवणाचा डबा फ्रिजमध्ये असून त्याचे दार दोन इंचांहून जास्त उघडत नाही ही स्थिती मी स्वतः भोगलेली आहे. स्लाइड बाहेर असताना न्हाणीत उभे राहून हात वर करून पाहावे, पायऱ्या चढून शयनकक्षात डोके आपटते का ते पाहावे, आणि निदान अर्धा तास त्या सोफ्यावर काहीही न करता बसावे. शेकोटीचे म्हणाल, तर ती विजेवरची हीटर असते.

वीजजोडणी 30 अँपियरची आहे की 50 ची, हेही विचारावे. आकड्यांवरून फरक दुपटीहून कमी वाटतो, प्रत्यक्षात 30 अँपियरवर 3,600 वॉट मिळतात आणि 50 अँपियरच्या जोडणीत वीज आणणाऱ्या दोन तारा असल्याने 12,000 वॉट. दोन एअर कंडिशनर एकाच वेळी चालवायचे असतील तर 50 अँपियरचीच जोडणी लागेल.

आपल्या आठ-नऊ महिन्यांच्या बेताला लागून असलेला एक मुद्दा कागदपत्रांतला आहे. अनेक उत्पादकांच्या हमीपत्रात ट्रेलर कायम राहण्यासाठी वापरल्यास हमी लागू होणार नाही, असे कलम असते. ते कलम सही करण्यापूर्वी वाचावे, आणि विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीचा घ्यावा लागेल का याची विचारणा करावी.

प्रश्न : एवढे मोठे धूड ओढण्यासाठी वेगळा वाहनपरवाना लागतो का? — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या राज्यात लागू शकतो. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर 10,000 पौंडांहून अधिक पण 15,000 पर्यंत असेल, तर नेहमीच्या क्लास सी परवान्यावर खास शेरा घ्यावा लागतो, आणि त्याहून अधिक असेल तर अव्यावसायिक क्लास ए परवाना लागतो. म्हणूनच काही ट्रेलरच्या फलकावर 14,995 असा चमत्कारिक आकडा आढळतो. टेक्सासमध्ये ट्रक व ट्रेलर मिळून 26,000 पौंडांची सीमा ओलांडली आणि ट्रेलर 10,000 हून जड असला, की क्लास ए लागतो. अन्यत्र राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा.

प्रश्न : ट्रेलर कोरा करकरीत असताना त्याची तपासणी करून घेण्यासाठी वेगळे पैसे खर्च करावेत का? विक्रेता ताबा देण्यापूर्वी तपासतोच ना? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : माझा पहिला ट्रेलर नवाच होता. ताबा घेताना विक्रेत्याच्या माणसाने तासाभरात सगळे बटण दाबून दाखवले आणि मी सही केली. तिसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि सकाळी सोफ्यामागचा गालिचा ओला लागला. स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यातली रबरी पट्टी बाहेर वळण्याऐवजी आत दुमडून बसलेली होती. बोटाने ओढली तशी सुटली. पाणी मात्र तोवर फरशीखालच्या प्लायवूडमध्ये मुरले होते. दुरुस्तीसाठी ट्रेलर त्यांच्या आवारात सारा उन्हाळा उभा राहिला आणि हप्ते आम्ही भरत राहिलो.

अमेरिकेतील बहुसंख्य ट्रेलर इंडियानातील एल्कहार्ट आणि त्याच्या परिसरात बांधले जातात. तेथून ते शेकडो मैल हादरे खात विक्रेत्याकडे येतात, तेव्हा कारखान्यात राहिलेली ढिलाई आणि रस्त्यात आलेली ढिलाई, दोन्ही आपल्या वाट्याला येतात. म्हणून स्वतंत्र निरीक्षक नेमावाच. नॅशनल रिक्रिएशनल व्हेइकल इन्स्पेक्टर्स असोसिएशन ही संस्था निरीक्षकांना प्रमाणपत्र देते. निरीक्षक नेमला तरी आपणही संपूर्ण दिवस राखून ठेवावा आणि उर्वरित रक्कम तपासणीनंतरच द्यावी.

त्या दिवशी पाणी, वीज आणि गॅस तिन्ही जोडायला लावावे. प्रत्येक नळ सोडून त्याखालच्या कपाटात हात फिरवून ओल लागते का पाहावे. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो आदल्या रात्रीच सुरू करायला सांगावा, कारण त्याला गार व्हायला बारा तास किंवा अधिक लागतात. स्लाइड दोनदा आतबाहेर कराव्या, आणि छपरावर चढून खिडक्या व नळ्यांभोवतीचा लेप कुठे तुटक आहे का ते पाहावे. बाहेरील फायबरग्लासच्या भिंतीवर तिरका उजेड पाडून हात फिरवावा. कुठे फुगवटा जाणवला तर आतला थर सुटला आहे आणि तो ट्रेलर नाकारावा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस चार अंक असतात. 3524 असेल तर टायर 2024 च्या 35 व्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने खराब होतात, त्यामुळे दोन वर्षे आवारात उभ्या असलेल्या मागील मॉडेलवर सवलत मिळत असेल तर टायरचे वयही घासाघिशीत धरावे.

छापील किंमत ही घासाघिशीची सुरुवात असते. कर्ज मात्र 15-20 वर्षांचे घेऊ नये. ट्रेलरची किंमत कर्जापेक्षा फार वेगाने उतरते आणि मधेच विकावा म्हटले तर खिशातून भर घालावी लागते.

प्रश्न : आम्हांला डिसेंबरातही ट्रेलरमध्ये राहायचे आहे. ‘फोर-सीझन’ असे लिहिलेला घेतला तर पुरेल का? — एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : त्या शब्दामागे सर्वांना बंधनकारक असे एकच मानक नाही, तो जाहिरातीचा शब्द आहे. विक्रेत्याला विचारावे की खालचे पोट बंदिस्त आहे का, भट्टीच्या गरम हवेची नळी प्रत्यक्ष टाक्यांपर्यंत जाते का, आणि सांडपाण्याचे झडप आतल्या बाजूला आहेत की उघड्यावर. मग ट्रेलरखाली वाकून विजेरीने पाहावे. झडपा लोंबकळताना दिसल्या, तर पहिल्याच कडाक्याच्या रात्री त्या गोठतील आणि सकाळी तुम्ही हेअर ड्रायर घेऊन बर्फात बसलेले असाल.