संधी ‘हुकली’ की ‘दवडली’? खंत, पस्तावा आणि पश्चात्ताप

सलाम ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघासाठी तुम्ही एका छोट्या ध्यानपुस्तिकेचं मराठी करत आहात. विषय आहे आयुष्यात हातून गेलेल्या संधींचं दुःख आणि ख्रिस्ती विश्वास. मूळ इंग्रजीत पानोपानी ‘रिग्रेट’ आहे, तिथे तुम्ही ‘पश्चात्ताप’ लिहिलंत. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली: पश्चात्ताप पापाचा होतो, हुकलेल्या नोकरीचा नाही, ‘खंत’ लिहा. तुम्हांला ‘खंत’ फिकी वाटते. कोणाचं बरोबर?

वडीलधाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे. पण सरसकट ‘खंत’ घालूनही काम होणार नाही. माझं म्हणणं असं, की आधी नाम शोधू नका, क्रियापद बघा. संधीचं नक्की काय झालं?

मराठीत संधी हुकते, चुकते, निसटते. आणि संधी आपण दवडतो, घालवतो, गमावतो. पहिल्या गटात संधीच कर्ता आहे, माणूस बाजूला उभा आहे: माझी परीक्षा हुकली, गाडी हुकली, भेट हुकली. दुसऱ्या गटात माणूस कर्ता आहे: मी संधी दवडली. ‘दवडणे’ म्हणजे मुळात हाकलून देणे, पिटाळणे. दारात आलेल्याला मी परत पाठवलं, हा त्या शब्दातला भाव. हुकल्याचं दुःख आणि दवडल्याचं दुःख बाहेरून सारखं दिसतं, रात्री झोप दोन्हींनी उडते. पण विश्वासात त्यांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून भाषांतरात ते एका शब्दाखाली दडपू नयेत.

भावनांचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. चुटपुट लहान असते, थोडक्यात राहून गेलेल्या गोष्टीची. रुखरुख बारीक पण चिवट. हळहळ दुसऱ्यासाठीही वाटते, शेजाऱ्याचं पीक गेलं तरी आपण हळहळतो. खंत मुरलेली असते, वर्षानुवर्षांची, म्हणून मला ती फिकी मुळीच वाटत नाही. आणि सल आत मोडलेल्या काट्यासारखा. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ही दुःखं आपल्याला वाटतात, लागतात, राहतात. ‘खंत वाटून घे’ अशी आज्ञा कोणी कोणाला देत नाही.

पश्चात्ताप मात्र दोन्हीकडे चालतो. रोजच्या बोलण्यात तो ‘होतो’: घाईत जमीन विकल्याचा पश्चात्ताप झाला. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, तो ‘करायचा’ असतो: “पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे.” तुमचे वडीलधारे या दुसऱ्या पश्चात्तापाबद्दल बोलत आहेत. तिथला ग्रीक शब्द मेटानोइआ, म्हणजे मनच पालटणं. आणि त्यामागे संदेष्ट्यांची हिब्रू हाक आहे, शूव: मागे फिरा. दोन्हींत दिशा बदलण्यावर भर आहे. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे होरपळ, ही आपल्या शब्दाची फोड. तिच्यात होरपळ आहे, वळणं नाही. ते वळणं मराठी ख्रिस्ती माणसांनी दोनशे वर्षं हा शब्द वापरून वापरून त्यात भरलं आहे. त्यामुळे मंडळीसाठी लिहिताना तो सैल वापरला, की वाचणाऱ्या बाईला वाटतं, आपल्याकडून पाप झालं. तिच्या हातात काहीच नव्हतं तेव्हासुद्धा.

हे मी स्वतःवरून सांगतो. माझे वडील गेले तेव्हा मी पुण्याला होतो. निरोप आला, रात्रीच्या गाडीत बसलो, गाडी घाटात बंद पडली. सकाळी साडेसहाला पोचलो, ते पाचला गेले होते. घरी सांत्वनाच्या प्रार्थनेत मी उभा राहून म्हणालो, “प्रभू, मी वेळेवर आलो नाही याचा पश्चात्ताप करतो.” प्रार्थना संपल्यावर आत्याने मला ओट्यापाशी बोलावलं. हातात चहाची किटली तशीच होती. म्हणाली, “भेट तुझी हुकली, तू नाही दवडलीस. हुकल्याचा पश्चात्ताप करत बसू नको. रड. रडायला देव नाही म्हणत नाही.”

मी रडलो. पण त्या रडण्यातून दुसरंच काहीतरी वर आलं. दोन रविवार आधी वडिलांचा फोन आला होता: “येऊन जा रे.” मी म्हटलं होतं, मार्चएंड आहे, ईस्टरला येतो. ती भेट हुकली नव्हती. ती मी दवडली होती. आणि तिच्याबद्दल मला नुसतं सांत्वन पुरणार नव्हतं.

एकाच दुःखात ही दोन्ही क्रियापदं असू शकतात. बहुतेकदा असतातच, आणि आपण नेमकी अदलाबदल करतो. जे हुकलं त्याचा दोष अंगावर घेतो, आणि जे दवडलं त्याला ‘नशिबात नव्हतं’ म्हणतो.

हिब्रूत यासाठी एक विलक्षण धातू आहे, न-ह-म. त्याचं एक रूप खेद होणं, अनुताप होणं या अर्थानेही येतं आणि सांत्वन पावणं या अर्थानेही. निनवे शहराचे लोक मागे फिरले तेव्हा बायबलातल्या योनाच्या पुस्तकात देवाने त्यांच्यावरचं अरिष्ट आणलं नाही, तिथे याच धातूचं क्रियापद आहे. आणि यशयाच्या 40व्या अध्यायाच्या आरंभी “सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा” आहे, तिथेही तोच धातू. नहूम आणि नहेम्या ही नावंही त्यावरूनच आली. खेद आणि सांत्वन एका मुळावर वाढलेले बघितले, की मला त्या भाषेविषयी फार माया वाटते.

अनुताप हा शब्दही तुम्ही विचारात घ्या. तो आपल्या वारकरी संतांच्या जिभेवरचा आहे. तुकोबा म्हणतात, “हेंचि प्रायश्चित्त । अनुतापीं न्हाय चित्त.” आजच्या वाचकाला तो थोडा जुना वाटेल एवढंच.

आता ‘पस्तावा’. हा पश्चात्तापाचाच घरगुती भाऊ, प्राकृतातून झिजून आलेला. पण आपल्या रूढ भाषांतराने दोघांना वेगळी कामं दिली आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 27व्या अध्यायात, येशूला धरून देणारा यहूदा ‘पस्तावला’ आहे, त्याने ‘पश्चात्ताप केला’ असं म्हटलेलं नाही. ग्रीकमध्येही तिथे वेगळं क्रियापद आहे, मेटामेलोमाइ. यावरून काही उपदेशक सरळ रेघ ओढतात: पस्तावा वाईट, पश्चात्ताप चांगला. ती रेघ मला मान्य नाही. त्याच मत्तयात, 21व्या अध्यायात, बाप मुलाला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. मुलगा नाही म्हणतो, मागाहून पस्तावतो आणि जातो. क्रियापद यहूदाचंच. फरक त्यानंतर पाय कुठे गेले, यात आहे. मुलगा मळ्याकडे गेला. यहूदा मंदिरात त्या याजकांकडे गेला, ज्यांनी ‘त्याचं आम्हांला काय’ म्हणून हात झटकले.

आणि एक पान मागे, 20व्या अध्यायात, तसाच एक द्राक्षमळा आहे. दिवसाचा अकरावा तास, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. बाजारात काही मजूर अजून उभे. धनी विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलंच नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी अकरानंतर डबा तसाच घेऊन उभा राहिलेला माणूस ज्याने बघितला आहे, त्याला हे उत्तर समजेल. त्यांची संधी हुकली होती. धनी त्यांना पश्चात्ताप करायला सांगत नाही. तो म्हणतो, तुम्हीही मळ्यात जा, आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. संधी हुकलेले मजूर आणि संधी दवडणारा मुलगा, दोघांच्याही गोष्टी मळ्यातच पोचतात. पण मुलाला पस्तावून जावं लागलं, मजुरांना फक्त बोलावणं पुरलं.

येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण तुमच्या पुस्तिकेत आहेच, त्यात एका शब्दाची भर घाला. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र प्रभूला नाकारतो तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, थंडी आहे, तो शेकत उभा आहे. ग्रीक शब्द अँथ्राकिया. हा शब्द नव्या करारात दोनदाच येतो. दुसऱ्यांदा 21व्या अध्यायात, सरोवराच्या काठी, पुनरुत्थित प्रभूने पेटवलेल्या विस्तवाला. त्यावर मासळी, बाजूला भाकर, आणि “या, न्याहारी करा.” पेत्राला तो वास ओळखू आला असणार असं मला नेहमी वाटतं. न्याहारी झाल्यावर तीनदा प्रश्न येतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा. त्या रात्री साक्ष द्यायची संधी त्याने दवडली होती, ती रात्र त्याला परत मिळत नाही. त्याला मेंढरं मिळतात, चारायला.

म्हणूनच योएल संदेष्ट्याच्या वचनाचं भाषांतर जपून करा. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची देव भरपाई करतो, असं तिथे म्हटलं आहे. हिब्रूत क्रियापद शिल्लेम, शालोम (शांती) या शब्दाच्याच धातूचं, देणं चुकतं करणं, पुरं करणं. ‘गेलेली वर्षं परत देईन’ असं लिहू नका, त्याने माणसं नको ती वाट बघत राहतात. ‘भरपाई’ हा तलाठ्याच्या पंचनाम्यातला शब्द आहे आणि इथे तोच योग्य आहे: पीक गेलं ते गेलं, त्याच्या बदल्यात कोठार भरतं.

हिब्रूतल्या पापाच्या एका शब्दाचा, ‘हाता’चा, मूळ अर्थ ‘नेम हुकणे’. बायबलातल्या शास्ते या पुस्तकात, 20:16 मध्ये, केसावरही गोफणीचा नेम न चुकवणारे डावखुरे आहेत, तिथे तो याच साध्या अर्थाने येतो. म्हणून ‘हुकणे’ ऐकलं की काहीजण लगेच पापाकडे उडी मारतात. व्युत्पत्तीवरून एवढी मोठी उडी मारू नये. नेम धरणारा हात माझा असेल तरच हुकल्याचा जाब मला.

तेव्हा तुमच्या पानांवर प्रत्येक ‘रिग्रेट’पाशी थांबा आणि विचारा, इथे दार लोटलं कोणी? आजारपणाने, गरिबीने, घरच्यांनी शिक्षण थांबवलं असेल, तर ‘खंत’ किंवा ‘सल’ लिहा, आणि त्या परिच्छेदात ‘सांत्वन’ येऊ द्या. भीतीने, आळसाने, मानापमानाने स्वतः नाही म्हटलं असेल, तर ‘पस्तावा’ लिहा, आणि तो देवाकडे वळतो त्या वाक्यात ‘पश्चात्ताप’. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 7:10 मध्ये, प्रेषित पौलाने ही जोडी एकत्रच वापरली आहे. मराठीत ती अशी उतरते: देवाला मान्य असलेलं दुःख असा पश्चात्ताप घडवतं, ज्याचा पस्तावा होत नाही.

रुखरुख हा शब्द गाळू नका. मूळ पुस्तिकेत शेवटी सगळं दुःख नाहीसं झाल्यासारखं लिहिलंय, असं तुम्ही कळवलंत. माझी फोनची गोष्ट मी देवापुढे कबूल करून आता बरीच वर्षं झाली. क्षमा मिळाली यात मला शंका नाही. मार्च आला की रुखरुख येते. आत्या आता थकली आहे, तिने “येऊन जा” म्हटलं की मी तारीख ठरवत बसत नाही, पिशवी भरतो.

आणि प्रूफ बघताना एक. पश्चात् अधिक ताप, म्हणून ‘त’ला ‘त’ जोडलेला: पश्चात्ताप. तुमच्या पत्रात तो दोनदा एका ‘त’ने आला आहे.