अमेरिकेत एमएसला जातोय, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, युनिव्हर्सिटी क्वायरची (समूहगायनाच्या गटाची) ऑडिशन देऊ का?

हो, नक्की द्या, बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये एक तरी क्वायर म्युझिक न शिकणाऱ्या स्टुडंट्सनाही घेतो. मी हिंदुस्थानी शिकून गेले होते, दोन वर्षं ऑल्टोत (बायकांच्या खालच्या आवाजांच्या गटात) गायले. ऑडिशनला पियानोवर स्केल वाजवून तुमची रेंज (आवाज किती खाली-वर जातो ते) बघतात, मग चार-पाच सुरांचा तुकडा वाजवतात आणि तो तसाच गाऊन दाखवायचा, इथे आपला सरगमचा रियाज खूप कामाला येतो. फक्त मींड, गमक (सूर घसरवणं, हलवणं) आवरा, सूर सरळ लावा कारण बाकीच्या आवाजांत मिसळायचं असतं! रेकॉर्डिंग पाठवणार असाल तर एकाच टेकमध्ये गा, मोबाईल पाच-सहा फुटांवर ठेवा, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) किंवा ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारा इफेक्ट) अजिबात नको. चेंबर क्वायरला (छोट्या, निवडक क्वायरला) मात्र बहुतेक ठिकाणी साइट-रीडिंग (आधी न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच गाणं) बघतातच, त्यासाठी आत्तापासून रोज पंधरा मिनिटं नोटेशन वाचायला घ्या.